माणगावच्या ट्रॅफिकमुळे मुंबई–मस्कत विमान चुकलं. परतीचं तिकीटही गेलं का? पैसे किती मिळतील?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ चिपळूणहून गाडीने निघाला, माणगावला दोन तास अडकला आणि विमानतळावर पोचला तेव्हा चेक-इन काउंटर बंद झालं होतं. जाण्या-येण्याचं तिकीट एकच, तेही गावातल्या एजंटकडून काढलेलं. काउंटरवर 'नो-शो पडला, तिकीट गेलं' एवढंच उत्तर मिळालं. नो-शो म्हणजे तिकीट असून प्रवासी वेळेत हजर झाला नाही, अशी नोंद.

'तिकीट गेलं' हे अर्धंच खरं असतं. सगळ्यात आधी परतीचा सेक्टर, म्हणजे परतीचा टप्पा, वाचवायला घ्या. जाण्या-येण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असेल, तर पहिला टप्पा न वापरल्यावर बहुतेक फुल-सर्व्हिस कंपन्यांची सिस्टीम पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करते. तिकिटाची कूपनं (दर टप्प्याचं एक) क्रमानेच वापरायची, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे भाऊ नवीन एकेरी तिकीट काढून मस्कतला पोचला, तरी सुट्टीला घरी येताना जुनं परतीचं तिकीट चालेलच असं नाही. काही लो-कॉस्ट कंपन्यांमध्ये दोन्ही बाजू वेगवेगळ्या धरतात आणि परतीची तशीच राहते. अंदाज बांधत बसू नका. पीएनआर घेऊन कंपनीला फोन करा आणि 'परतीचा सेक्टर कन्फर्म आहे का' एवढंच विचारा. कन्फर्म असेल तर तसा ईमेल मागून घ्या.

मग एजंटकडे जा. त्याला तिकिटाचा फेअर रूल, म्हणजे भाड्याच्या अटी, उघडायला सांगा, त्यातली 16 नंबरची कॅटेगरी, म्हणजे पेनल्टीज. तिथे चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: उड्डाणाआधी बदल, उड्डाणाआधी रद्द, उड्डाणानंतर बदल, उड्डाणानंतर रद्द. नो-शोची फी शेवटच्या दोहोंत येते. आखाती मार्गांवरच्या बऱ्याच भाड्यांत उड्डाणानंतरही बदल चालतो, फक्त नो-शो फी, बदलाची फी आणि भाड्यातला फरक असं तिन्ही भरावं लागतं. सगळ्यात स्वस्त भाड्यात तो सहसा चालत नाही. एजंट 'काही होत नाही' म्हणाला तर तो रूल स्क्रीनवर दाखवायला सांगा. एजंटने काढलेलं तिकीट पुन्हा इश्यू करायचं काम कंपनीचा काउंटर बहुधा त्याच्याकडेच ढकलतो, त्यामुळे त्याला सोडून चालणार नाही.

आकडा हातात आला की तुलना करा. एका बाजूला नो-शो फी, बदलाची फी आणि भाड्यातला फरक, दुसऱ्या बाजूला नवीन एकेरी तिकीट. जुन्या तिकिटाचं परतीचं कूपन जिवंत राहत असेल तर त्याची किंमत पहिल्या बाजूच्या फायद्यात धरा. फरक हा त्या दिवशी उरलेल्या जागेच्या भाड्यावर काढतात, जुन्या भाड्यावर नाही. म्हणून उद्याच्या विमानाऐवजी चार दिवसांनंतरचं घेतलं तर तोच बदल बराच स्वस्त पडू शकतो. मात्र व्हिसावर प्रवेशाची शेवटची तारीख कोणती आहे ते आधी बघा. कामाच्या व्हिसावर जाणाऱ्याने नोकरीच्या कंपनीलाही त्याच दिवशी कळवावं.

दोन्ही परवडत नसेल आणि तिकीट सोडूनच द्यायचं असेल, तरी कर मागायचे. न वापरलेल्या तिकिटावरचे वैधानिक कर आणि विमानतळ वापराचं यूडीएफसारखं शुल्क परत करायचं, असा डीजीसीएचा (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा) नियम आहे. तो नो-शोलाही लागू आहे आणि 'नॉन-रिफंडेबल' किंवा ऑफरच्या तिकिटालाही. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त घेता येत नाही, आणि रिफंड प्रोसेस करायची वेगळी फी लावता येत नाही. परदेशी कंपनी असेल तर रिफंड तिच्या देशाच्या नियमाने ठरतो, पण न वापरलेल्या करांचा अर्ज तिथेही करून ठेवावा.

आकड्यांत सांगायचं तर मोपा (गोवा)–मुंबईचं एक देशांतर्गत तिकीट धरू (आकडे फक्त समजण्यापुरते). मूळ भाडं आणि इंधन 3,500, त्यावर इकॉनॉमीचा 5 टक्के जीएसटी 175, यूडीएफ आणि सुरक्षा शुल्क मिळून 800, वेबसाइटचं सुविधा शुल्क 300. नो-शो पडला तर हातात येतात ते 800 च्या आसपास. 3,500 गेले. सुविधा शुल्क परत येत नाही. जीएसटीवरून लोक काउंटरवर भांडतात, पण जप्त झालेल्या भाड्यावरचा जीएसटी सहसा मिळत नाही, कारण कर खात्याच्या 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे जप्त रकमेवरही प्रवासाच्याच दराने कर लागतो. हे 800 आपोआप खात्यात येतील या भरवशावर राहू नका. कंपनीच्या साइटवर नो-शो टॅक्स रिफंडचा अर्ज असतो, तो भरा. एजंटकडचं तिकीट असेल तर एजंटमार्फत लेखी मागा. थेट कंपनीकडून क्रेडिट कार्डने घेतलं असेल तर 7 दिवसांत परतावा व्हायला हवा. पैसे 'क्रेडिट शेल'मध्ये (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा) ठेवायचे की खात्यात घ्यायचे हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही.

आता पुढच्या वेळचं. कोकणातल्या माणसाचं विमान विमानतळावर चुकत नाही, ते माणगाव-इंदापूरला किंवा पेण-वडखळच्या आसपास चुकतं, आणि ते चुकणार हे त्याला तिथेच कळलेलं असतं. पण 'पोचू कसेतरी' म्हणत आपण हातातले दोन-तीन तास घालवतो. पैसे वाचतात ते याच तासांत. देशांतर्गत तिकीट बदलायची किंवा रद्द करायची मुदत कंपनीप्रमाणे उड्डाणाआधी साधारण 2 ते 4 तासांवर संपते. तोपर्यंत बदललं तर देशांतर्गत फी तीन हजारांच्या आसपास आणि भाड्यातला फरक, एवढ्यावर सुटका होते. मुदत उलटली की अख्खं भाडं जातं. अॅपमध्ये 'मॉडिफाय' दिसतंय तोवर तुम्ही वाचलेले आहात, ते गायब झालं की समजा मुदत गेली.

आंतरराष्ट्रीय तिकिटावर मुदत गेली असली तरी विमान सुटण्याआधी फोन करा आणि हेच शब्द वापरा: 'प्रवासी वेळेत पोचत नाही, नो-शो टाकू नका, बुकिंग रद्द करून कूपन ओपन ठेवा.' ओपन कूपन बहुधा नंतर कमी दंडात पुन्हा इश्यू होतं. एजंटचा नंबर हाताशी ठेवा, रात्रीची उड्डाणं असतात तेव्हा त्याचं दुकान बंद असतं. आणि कशेडीच्या आधीच उशीर दिसत असेल तर हा फोन बोगद्यात शिरण्याआधी करा, आत रेंजचा भरवसा नाही.

काउंटर बंद व्हायची वेळ तिकिटावर बारीक अक्षरात छापलेली असते. देशांतर्गत सहसा उड्डाणाआधी 60 मिनिटे, आंतरराष्ट्रीय 60 ते 75 मिनिटे, आणि बोर्डिंग गेट साधारण 25 मिनिटे आधी. देशांतर्गत प्रवासात वेब चेक-इन केलेलं असेल आणि सामान फक्त हातातलं असेल, तर काउंटरची वेळ आडवी येत नाही, गेटची येते. एक बॅग टाकायची असेल तर मात्र 60 मिनिटांचीच रेष. उशीर होतोय असं दिसलं आणि बॅगेत केबिनमध्ये न चालणारं काही नसेल, तर ती हातात घेऊन थेट सिक्युरिटीकडे जाता येतं, फक्त वजन 7 किलोच्या आसपास हवं. कोकम सरबताची बाटली आणि लोणच्याची बरणी अशा वेळी घरच्यांच्या हवाली करावी.

उड्डाण उशिराने आहे असा मेसेज आला तरी मूळ वेळेलाच पोचा. उशीर कमी होऊ शकतो, आणि काउंटर सुधारित वेळेने उघडं राहील याची खात्री कोणी देत नाही.

चेक-इन झालं, बॅग गेली आणि गेटवर पोचायला उशीर झाला, तर तोही नो-शोच, त्याला गेट नो-शो म्हणतात. अशा वेळी तुम्हाला ऑफलोड करतात (प्रवाशांच्या यादीतून काढतात), विमानातून बॅग उतरवतात, आणि सिक्युरिटीच्या आतून एकट्याने बाहेर येता येत नाही. कंपनीचा माणूस सोबत येतो आणि विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफकडे नोंद होते. आंतरराष्ट्रीय असेल तर इमिग्रेशनचा शिक्का रद्द करून घ्यायचा. हे राहिलं तर पासपोर्टवर देश सोडल्याची नोंद तशीच राहते आणि पुढच्या प्रवासात उत्तरं देत बसावं लागतं.

आपल्याकडची आणखी एक खास चूक म्हणजे भलत्याच विमानतळावर जाणं. 'गोवा' लिहिलेली दोन विमानतळं आहेत. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. सावंतवाडी-बांद्याला मोपा अगदी जवळ, दाबोळी मात्र मांडवी आणि झुआरी ओलांडून पार वास्कोला. चुकीच्या विमानतळावर पोचल्यावर दुसरं गाठायला दीड-दोन तास सहज जातात, म्हणजे विमान गेलंच. मुंबईतही आता तसंच झालंय: डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळ सुरू आहे. तिकिटावर एनएमआय असेल तर पनवेललाच वळायचं, बीओएम असेल तर पुढे जायचं, आणि त्यातही टर्मिनल 1 की 2 ते बघायचं. चुकीच्या विमानतळावर गेल्याबद्दल कुठलीही कंपनी सूट देत नाही.

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं गणित वेगळं आहे. तिथे उड्डाणं मोजकी आणि विमानं छोटी, त्यामुळे चुकलं तर पुढचं विमान दुसऱ्या दिवशीही नसू शकतं. तिथल्या बदलात अडकून पडण्यापेक्षा मोपाहून नवीन तिकीट बघणं बहुतेकदा स्वस्त आणि लवकरचं पडतं.

रेल्वे आणि विमान हे कनेक्शन नव्हे, हेही लक्षात ठेवा. कोकणकन्या चार तास लेट झाली तरी विमान कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पावसाळी वेळापत्रक चालू असताना सकाळच्या गाडीवर त्याच दुपारचं आंतरराष्ट्रीय विमान धरू नये, आदल्या दिवशी पनवेल किंवा ठाण्याला पाहुण्यांकडे पोचावं. विमानावर विमान असेल तर फरक पीएनआरचा: मोपा–मुंबई आणि मुंबई–मस्कत एकाच पीएनआरवर असेल आणि पहिलं उशिरा आलं, तर पुढचं विनाशुल्क बदलून द्यायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसरी कंपनी नो-शो टाकते, आणि ते तिच्या नियमात बसतं.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. 'झिरो कॅन्सलेशन' नावाचं जे 200–300 रुपयांत विकतात ते सहसा आधी रद्द केलं तरच चालतं, नो-शोला नाही. चुकलेल्या विमानाचं कव्हर असलंच तर सार्वजनिक वाहनाच्या उशिराचा लेखी पुरावा मागतात, हायवेवरच्या ट्रॅफिकचा फोटो त्यांना पुरत नाही.

कंपनीने वेळ अलीकडे आणून कळवलंच नाही, किंवा तुम्ही वेळेत रांगेत असताना काउंटर बंद केलं, तर तो तुमचा नो-शो नाही. रांगेचा आणि घड्याळाचा फोटो लगेच काढा, ड्युटी मॅनेजरला बोलवा, नाव आणि वेळ लिहून घ्या. तिथे नाही सुटलं तर आधी कंपनीचा तक्रारी बघणारा नोडल ऑफिसर, मग सरकारचं एअरसेवा पोर्टल, आणि त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन 1915.

तुमच्या भावाच्या बाबतीत कंपनीची चूक दिसत नाही, म्हणून भांडणात वेळ घालवू नका. आज परतीचा सेक्टर तपासा, उद्या एजंटकडून पेनल्टीचा आकडा काढा, आणि नवीन तिकीट घ्यायचं ठरलं तर जुन्यावरच्या करांचा अर्ज त्याच दिवशी टाका.