लेक कर्नेलच्या मागे लागलीय, नोकरी मिळेल ना?

प्रश्न : मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. मुलगी सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या बाकीच्यांनी वेब डेव्हलपमेंटचे क्लास लावलेत. ही मात्र लिनक्स कर्नेलमधल्या लोड बॅलन्सरला आयपीव्ही६ चा सपोर्ट कसा देतात, त्यात रात्र रात्र गुंतलेली असते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्यावरच करायचा म्हणते. तिला वेळीच वळवावं का? – एक वडील, बार्शी

उत्तर : वळवू नका. प्रोजेक्टचा विषय मात्र तिला नीट आखून घ्यायला सांगा.

आधी ती करते काय ते सांगतो. एका वेबसाइटमागे अनेक सर्व्हर असतात. आलेली मागणी त्यातल्या कुठल्या सर्व्हरकडे धाडायची हे लोड बॅलन्सर ठरवतो, जसं स्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे तुम्ही ठरवता. लिनक्समध्ये कर्नेलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आतच हे काम करणारा भाग म्हणजे आयपीव्हीएस. वेनसाँग झँग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर प्रकल्पातून तो आला.

इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचे, म्हणजे जेमतेम ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यांच्यानंतर आलेले आयपीव्ही६ चे पत्ते १२८ बिटांचे आहेत. आयपीव्हीएसमध्ये त्यांची सोय डिसेंबर २००८ च्या २.६.२८ या कर्नेलमध्ये झाली. ते काम गूगलमधल्या ज्युलियस व्होल्झ आणि विन्स बुसॅम यांचं. हेच व्होल्झ पुढे प्रोमिथियस या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

आता हे तिला वाचून दाखवा. पत्त्याची रुंदी वाढवली की काम झालं, असं वाटतं. पण जुना ३२ बिटांचा पत्ता कनेक्शनच्या तक्त्यापासून सर्व्हर निवडणाऱ्या शेड्युलरपर्यंत सगळीकडे भिनलेला होता. आयपीव्हीएसला सूचना देणारं आयपीव्हीएसएडीएम हे टूल कर्नेलशी ठरलेल्या मापाच्या रचनांमधून बोलायचं. त्यात नवा पत्ता मावेना, आणि माप बदललं तर जुनी टूल्स बंद पडणार. म्हणून जुनी वाट तशीच ठेवून नेटलिंक या कर्नेलशी बोलण्याच्या दुसऱ्या पद्धतीची नवी वाट काढावी लागली. त्याहून अवघड गोष्ट पॅकेटच्या, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याच्या, तुकड्यांची. तुकडे झालेल्या पॅकेटमध्ये पोर्ट नंबर (ते कुठल्या सेवेसाठी आहे हे सांगणारा आकडा) फक्त पहिल्या तुकड्यात असतो, शिवाय आयपीव्ही६ मध्ये पत्ता असलेलं मूळ हेडर आणि पोर्ट नंबर असलेला टीसीपीचा भाग यांच्यामध्ये जादा हेडर येऊ शकतात. मग मागचे तुकडे कुठल्या सर्व्हरकडे धाडायचे? हा भाग तेव्हा अपुरा राहिला, आणि कर्नेलच्या कॉन्फिगरेशनमध्ये आयपीव्हीएसच्या आयपीव्ही६ पर्यायापुढे ठळक अक्षरांत ‘डेंजरस’ लिहिलेलं होतं. २०१२ मध्ये जेस्पर ब्रोअर यांनी तुकड्यांची हाताळणी पूर्ण केली. मधे चार वर्षं गेली. अपुरं काम अपुरं आहे असं उघड लिहून ठेवणाऱ्या या लोकांबद्दल मला फार आदर आहे.

त्यामुळे ‘लोड बॅलन्सरला आयपीव्ही६ सपोर्ट देणे’ हा प्रोजेक्ट मुलाखतीत टिकणार नाही. हे तर २००८ पासून आहे, असं समोरचा म्हणेल. तिने चाचण्यांकडे वळावं. कर्नेलमध्ये आयपीव्हीएसची चाचणी घेणारी एक स्क्रिप्ट आहे, ती मुळात आयपीव्ही४ चे पत्ते धरून लिहिलेली. नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच मशीनमध्ये वेगवेगळी नेटवर्क मांडण्याची सोय, वापरून एकाच लॅपटॉपवर क्लायंट, बॅलन्सर आणि सर्व्हर उभे करता येतात. डायरेक्ट रूटिंग, नॅट आणि टनेल या सर्व्हरकडे पॅकेट धाडण्याच्या तिन्ही पद्धती तिने आयपीव्ही६ वर चालवून बघाव्यात, तुकडे झालेली पॅकेट्स मुद्दाम पाठवावीत, टीसीपीडम्प या पॅकेट्स दाखवणाऱ्या टूलवर निरखावीत. त्यातून एखादा छोटा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, कर्नेलमध्ये गेला, तर त्याच्या इतिहासात तिचं नाव कायमचं राहतं. रेझ्युमेवर याच्याइतकं वजन कुठल्याच सर्टिफिकेटला नाही.

नोकरीचं स्पष्ट बोलतो. फ्रेशरसाठी कर्नेलच्या जागा वेबपेक्षा पुष्कळ कमी असतात. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या अॅप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर्स विचारतात, तेव्हा रोज तासभर त्यालाही द्यायलाच हवा. पुण्यात रेड हॅटसारख्या कंपन्या आहेत, आणि नेटवर्क कार्ड, टेलिकॉम, क्लाउड या क्षेत्रांत असं ज्ञान लागतं. अनेक सर्व्हरवर अॅप्लिकेशन्स चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीत मागण्या वाटणाऱ्या कुब-प्रॉक्सीतही आयपीव्हीएसचा मोड आहे. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ एकत्र चालवण्याची सोय तिथे डिसेंबर २०२१ च्या १.२३ आवृत्तीत पक्की झाली. म्हणजे डेव्हऑप्सचा (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवण्याच्या कामाचा) दरवाजाही तिला उघडा आहे, आणि तिथे जागा जास्त.

फक्त आयपीव्हीएसवर आयुष्य काढायचं तिने ठरवू नये. फेसबुकने २०१८ मध्ये खुला केलेला कॅट्रान हा लोड बॅलन्सर ईबीपीएफवर (कर्नेल न बदलता त्याच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या तंत्रावर) चालतो, पुढच्या वर्षी तिने तेही शिकावं. पॅकेट कसं चालतं हे एकदा कळलं की तिथे तिला सगळं नव्याने शिकावं लागणार नाही.

क्लासची फी भरायची तुमची तयारी असेल, तर त्या पैशांतून तिच्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून द्या आणि हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. कर्नेल पुन्हा पुन्हा कंपाइल करून व्हर्च्युअल मशीनवर चालवायचा तर त्याची तिला रोज गरज पडेल, आणि जागरणंही थोडी कमी होतील.