३२ आणि ६४ बिटला हेडर फाइल वेगळी निघते, तेव्हा पॅकेज कसं करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्या सी लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही रूपांत एकाच मशीनवर इन्स्टॉल व्हायला हवं. पण बिल्ड होताना तयार होणारी एक हेडर फाइल (लायब्ररीतली फंक्शन्स आणि स्ट्रक्चर्स कशी आहेत हे प्रोग्रॅमला सांगणारी फाइल) दोन्हीकडे वेगळी निघते. त्यामुळे फेडोरा आणि डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशन्समधले पॅकेज इन्स्टॉल करणारे प्रोग्रॅम, म्हणजे अनुक्रमे आरपीएम आणि डीपीकेजी, दोघेही दुसरं पॅकेज घ्यायला नकार देतात. ३२ बिटच्या पॅकेजमधून ती फाइल काढून टाकली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

ते मात्र करू नका. मग ३२ बिटसाठी कंपाइल करणाऱ्याच्या हाती ६४ बिटचं हेडर पडेल आणि बहुतेक वेळा कंपायलर एक वॉर्निंगसुद्धा देणार नाही. प्रोग्रॅमच्या मते स्ट्रक्चरचा आकार एक आणि लायब्ररीच्या मते दुसरा, अशा स्थितीत मेमरी कुठेतरी भलतीकडेच खराब होते आणि मूळ कारण शोधता शोधता आठवडे जातात. आज इन्स्टॉल करतानाच अडतंय, हे तुमच्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने चांगलंच आहे.

आधी दोन्ही पॅकेजेस उघडा आणि त्या हेडरचा डिफ (दोन फाइल्समधला ओळीनुसार फरक) नीट वाचा. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत फाइल वेगळी असायचं काही कारणच नव्हतं. कुठे कॉमेंटमध्ये बिल्डची तारीख असते, कुठे लायब्ररीच्या डिरेक्टरीचा पूर्ण पाथ असतो, तर कुठे ऑटोकॉन्फची (बिल्डआधी मशीनची माहिती तपासणाऱ्या टूलची) अख्खी कॉन्फिग फाइलच जशीच्या तशी इन्स्टॉल केलेली असते. ती कॉन्फिग फाइल लायब्ररीच्या घरातली आहे, ती बाहेर जाता कामा नये. वापरणाऱ्याला त्यातल्या दोन-तीन व्याख्या खरोखर लागत असतील, तर तेवढ्याच वेगळ्या, लायब्ररीच्या नावाचा प्रीफिक्स लावलेल्या हेडरमध्ये काढा.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्टने लाँग किंवा पॉइंटरचा आकार मोजून हेडरमध्ये ४ किंवा ८ असा आकडा लिहून ठेवणं. हा आकडा बिल्डच्या वेळी गोठवायची गरजच नाही. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर लाँगचा आणि पॉइंटरचा आकार सांगणारे मॅक्रो (आधीच ठरवून दिलेली नावं) स्वतःहून देतात. हेडरने त्यांनाच विचारावं, म्हणजे एकच फाइल सगळीकडे बरोबर ठरते. फक्त एक धोका लक्षात ठेवा. 'एक्स८६-६४ म्हणजे पॉइंटर ८ बाइटचा' असं गृहीत धरू नका. एक्स३२ एबीआयमध्ये (६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट पॉइंटर वापरायच्या पद्धतीत) प्रोसेसरचा मॅक्रो एक्स८६-६४ चाच असतो, पण पॉइंटर ४ बाइटचा असतो. ६४ बिट विंडोजवर पॉइंटर ८ बाइटचा, पण लाँग ४ बाइटचाच राहतो. म्हणून प्रोसेसरचं नाव तपासण्यापेक्षा ज्याचा आकार हवा त्याचाच आकार विचारा. शक्य असेल तर हा बदल पॅच म्हणून मूळ प्रकल्पाला पाठवा. पॅकेजमध्ये तो कायम सांभाळत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

एवढं करूनही फरक उरला, तर तो खरा फरक समजायचा. जीएमपी या मोठ्या संख्यांच्या गणिताच्या लायब्ररीचं मुख्य हेडर हे याचं चांगलं उदाहरण आहे. त्यात एका लिंबचे (मोठी संख्या ज्या तुकड्यांत साठवतात त्यातल्या एकाचे) बिट किती हे बिल्डच्या वेळी लिहिलं जातं, शिवाय कोणता कंपायलर कोणत्या फ्लॅग्जनी चालवला याचीही नोंद असते. इथे मात्र प्रत्येक डिस्ट्रिब्युशनच्या रीतीप्रमाणे वेगवेगळं करावं लागतं.

फेडोरात लायब्ररींच्या डिरेक्टरी दोन, लिब आणि लिब६४, पण इन्क्लूडची डिरेक्टरी एकच. एकाच पाथवरच्या दोन फाइल्स अगदी सारख्या असतील तर आरपीएम त्या दोन्ही पॅकेजेसच्या मालकीच्या मानतं. /यूएसआर/बिनमधल्या ईएलएफ फाइल्समध्ये (कंपाइल झालेल्या प्रोग्रॅम्समध्ये) निवड करायला त्याच्याकडे वेगळा नियम आहे, हेडरसाठी तसा नाही. म्हणून तिथली रूढ पद्धत अशी: खऱ्या हेडरच्या नावात आर्किटेक्चर घालायचं आणि मूळ नावाने एक छोटं रॅपर हेडर ठेवायचं, जे कंपायलरचे मॅक्रो पाहून योग्य फाइल इन्क्लूड करेल. ओपनएसएसएल, जीएमपी आणि पायथन यांच्या पॅकेजेसनी हेच केलेलं आहे. हाताने लिहायचं नसेल तर मल्टिलिब-आरपीएम-कॉन्फिग या पॅकेजमध्ये नेमका यासाठीच मॅक्रो मिळतो.

रॅपर लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. ते प्रत्येक आर्किटेक्चरच्या पॅकेजमध्ये बाइट-न-बाइट सारखं हवं, नाहीतर तुम्ही भांडण फक्त एका फाइलवरून दुसरीवर ढकललंत. आणि कोणतीच अट जुळली नाही तर एरर द्या, गुपचूप ६४ बिटकडे वळवू नका. या एररचा एक त्रास आहे खरा. स्विगसारखं, सी लायब्ररी दुसऱ्या भाषांना जोडून देणारं टूल हेडर स्वतः वाचतं, पण कंपायलरचे मॅक्रो त्याला आपोआप मिळत नाहीत. एम२क्रिप्टो ही पायथनची लायब्ररी बिल्ड करताना ओपनएसएसएलच्या रॅपरमधली एरर पुष्कळांना भेटली ती यामुळेच. तिथे स्विगला तो मॅक्रो कमांड लाइनवरून द्यावा लागतो. तरीही मी एररच्याच बाजूने आहे. बिल्ड थांबलेला परवडतो, चुकीचा आकार घेऊन पुढे गेलेला नाही.

डेबियनची मल्टिआर्क पद्धत मला जास्त आवडते. २०१३ मध्ये आलेल्या व्हीझीपासून (डेबियन ७) ती अधिकृतपणे आहे. तिथे इन्क्लूडच्या आतच प्रत्येक आर्किटेक्चरच्या ट्रिप्लेटच्या, म्हणजे प्रोसेसर आणि सिस्टिम सांगणाऱ्या ठरावीक ओळखीच्या, नावाची डिरेक्टरी असते आणि डेबियनचा जीसीसी ती न सांगता शोधतो. तेव्हा वेगळं निघणारं तेवढंच हेडर तिथे हलवा, बाकीची जागच्या जागी राहू द्या. पॅकेजला 'मल्टि-आर्क: सेम' लावा, म्हणजे ते वेगवेगळ्या आर्किटेक्चर्ससाठी शेजारी-शेजारी इन्स्टॉल होतं. डेबहेल्परची (डेबियन पॅकेज बांधायच्या टूल्सची) कम्पॅट पातळी १३ असेल तर इन्स्टॉल फाइलमध्ये ट्रिप्लेटचं व्हेरिएबल थेट लिहिता येतं. रॅपरची गरजच पडत नाही. शिवाय हे फक्त ३२-६४ पुरतं नाही: एएमडी६४ मशीनवर एआरएम६४ चं डेव्हलपमेंट पॅकेज शेजारी ठेवून क्रॉस-कंपाइल करता येतं.

लायब्ररीचे मूळ लेखक तुम्हीच असाल तर तिसरा मार्ग सगळ्यात स्वच्छ आहे. वेगळं हेडर लायब्ररीच्या डिरेक्टरीखाली ठेवा आणि पीकेजी-कॉन्फिगच्या (लायब्ररीसाठी लागणारे कंपायलरचे फ्लॅग्ज सांगणाऱ्या टूलच्या) फाइलमधून त्याचा पाथ द्या. जीलिब आपलं कॉन्फिग हेडर असंच ठेवतं, डी-बसही. लायब्ररीची डिरेक्टरी आधीच आर्किटेक्चरनुसार वेगळी असल्याने फेडोरा आणि डेबियन दोन्हीकडे काही न करता जमतं. अट एकच, वापरणाऱ्यांनी पीकेजी-कॉन्फिग वापरलं पाहिजे.

हेडर्स वेगळ्या नोआर्क (सगळ्या आर्किटेक्चर्सना एकच) पॅकेजमध्ये टाकायचा मोह होईल. फरक पूर्ण गेलाय याची खात्री असेल तरच तसं करा, नाहीतर ज्या बिल्डरवर योगायोगाने काम गेलं त्याचं हेडर सगळ्यांच्या गळ्यात पडतं.

शेवटी चाचणी. दोन्ही पॅकेजेस एकत्र इन्स्टॉल करा आणि सार्वजनिक स्ट्रक्चर्सचे आकार छापणारा छोटा प्रोग्रॅम एम३२ आणि एम६४ अशा दोन्ही फ्लॅग्जनी कंपाइल करून चालवा. लायब्ररीतच एक फंक्शन ठेवून तिच्या मते आकार किती हेही छापा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहा. ही चाचणी बिल्डच्या चेक टप्प्यात घालता आली नाही तर निदान सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) घाला, कारण पुढच्या आवृत्तीत कुणीतरी नवं जनरेटेड हेडर आणणारच. डिफ पाहूनही काय करावं ते ठरत नसेल तर त्यातल्या वेगळ्या ओळी इथे टाका, मी बघतो.