पॉपकॉर्न छत काढताय? कंत्राटदाराआधी काँडोच्या ऑफिसला गाठा

काँडोतलं पॉपकॉर्न छत काढायचं तर सुरुवात कुठून करायची, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचंच जुनं दुखणं वर आलं. कॅनडात टोरांटोशेजारच्या मिसिसॉगातली सत्तरच्या दशकातली काँडो (मालकीच्या फ्लॅटांची) बिल्डिंग, हॉलपासून बेडरूमपर्यंत छताला साबुदाणा थापल्यासारखं पॉपकॉर्न, आणि ‘दोन दिवसांत खरवडून देतो, टेस्टबिस्ट काही लागत नाही’ म्हणणारा कुणाच्या तरी ओळखीतला माणूस. त्या माणसाला आधी नाही म्हणून टाका, मग पुढचं वाचा.

त्या काळच्या पॉपकॉर्नमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं; त्याचे तंतू श्वासातून आत गेले की फुफ्फुसांचे आजार होऊ शकतात हे तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही. फक्त अमेरिकन व्हिडिओ बघून ‘१९७८ नंतरचं बांधकाम असेल तर बिनधास्त’ असं धरू नका. तिकडे बंदी आली तरी तयार पडलेला माल पुढेही वापरला गेला. आणि कॅनडात सरसकट बंदी यायला २०१८चा डिसेंबर उजाडला. आपल्या ऑन्टारियो प्रांतात वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून जास्त सापडलं की ते छत अ‍ॅस्बेस्टॉसचं. एकसारख्या छताचा भाग ९० चौरस मीटरपेक्षा कमी असला तरी किमान तीन नमुने लागतात. एका कोपऱ्यातला चिमूटभर चुरा देऊन ‘निगेटिव्ह आलं’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हे सगळं त्यामानानं सोपं. आमचं दिवाळं काढलं ते बिल्डिंगच्या मॅनेजमेंट ऑफिसनं. नाव घेत नाही. आम्ही सुरुवातीलाच ईमेलनं विचारलं होतं, की इथल्या छतांची कधी तपासणी झाली आहे का? उत्तर आलं, ‘युनिटच्या आतलं तुमचं तुम्ही बघा.’ बरं, बघितलं. पदरचे पैसे घालून टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली, कंत्राटदाराची तारीख ठरली. मग त्यांना आठवलं, की स्लॅब कॉमन एलिमेंटमध्ये (सगळ्या मालकांच्या सामायिक भागात) येतो, बोर्डाची (मालकांनी निवडलेल्या संचालक मंडळाची) परवानगी लागेल. बोर्डाची मीटिंग होऊन गेलेली. पुढच्या मीटिंगनंतर कंत्राटदाराचा विमा मागितला, तो दिला तर डब्ल्यूएसआयबीचं (कामगारांच्या अपघात विम्याच्या सरकारी मंडळाचं) क्लिअरन्स सर्टिफिकेट, ते दिलं तर सर्व्हिस लिफ्टचं बुकिंग. दर वेळी एकच कागद, आणि तो पोचल्यावरच पुढची मागणी. या मागण्या रास्तच आहेत हो, पण एकदम सांगायला काय जात होतं? तोवर कंत्राटदार दुसऱ्या कामावर गेला आणि परत आला तो वाढीव भाव घेऊन. इकडे तोवर राहायला घेतलेल्या ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटचं भाडं आणि फ्लॅटचा हप्ता दोन्ही चालूच. आणि कळस म्हणजे शेवटी कळलं, की बिल्डिंगच्या कॉरिडॉरच्या छतांचा तपासणी अहवाल कित्येक वर्षांपासून त्यांच्याच कपाटात पडून होता!

म्हणून सांगतो, फोनवर आणि काउंटरवर विचारत बसू नका. ऑन्टारियोच्या काँडोमिनियम अ‍ॅक्टखाली मालकाला रेकॉर्ड मागता येतात, त्याचा ठरलेला ‘रिक्वेस्ट फॉर रेकॉर्ड्स’ फॉर्म आहे. तो भरून अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे अहवाल मागा. बोर्डाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टाळाटाळ झाली तर काँडोमिनियम अ‍ॅथॉरिटी ट्रायब्युनलकडे, म्हणजे काँडोच्या तंट्यांच्या लवादाकडे, जाता येतं. आणि परवानगीसाठी लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी एकाच ईमेलमध्ये लेखी मागून घ्या. डिक्लेरेशनमध्ये (काँडोच्या मूळ नोंदणीच्या दस्तऐवजात) तुमच्या युनिटची हद्द छतापाशी नेमकी कुठे संपते तेही वाचा. दर बिल्डिंगचं वेगळं असतं. मी वकील नाही, कंत्राटदारही नाही, त्यामुळे हे ठोकताळे समजा.

आता माणसं निवडण्याबद्दल. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि एक चौरस मीटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर ते ‘टाइप ३’ काम, म्हणजे सगळ्यात कडक खबरदारीचं. काम सुरू व्हायच्या आधी मिनिस्ट्री ऑफ लेबरला नोटीस जाते. कंत्राटदाराला सरळ विचारा, तुमच्या माणसांकडे २५३-डब्ल्यूचं (अ‍ॅस्बेस्टॉस काढणाऱ्या कामगारांचं) प्रशिक्षण आहे का? जो ‘ते काय असतं’ म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा. प्लास्टिकचं बंदिस्तीकरण, निगेटिव्ह एअर मशीन (आतली हवा गाळून बाहेर ओढणारं), हेपा व्हॅक्यूम (बारीक तंतू अडवणारा) हे कोटेशनमध्ये लिहिलेलं हवं. शेवटची हवेची चाचणी मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका, वेगळा कन्सल्टंट नेमा. निकाल घन सेंटिमीटरला ०.०१ तंतूच्या आत यायला हवा. कन्सल्टंट वेगळाच हवा, हे माझं ठाम मत आहे. जो काम करतो त्यानंच स्वतःला पास करू नये.

वरून ड्रायवॉल ठोकून झाकायचा सल्लाही मिळेल. लाकडी सांगाड्याच्या घरात ते एक वेळ ठीक, पण काँक्रीटच्या स्लॅबला भोकं पाडायची म्हणजे पुन्हा त्याच ऑफिसचे उंबरठे. शिवाय भोकं पाडली की अ‍ॅस्बेस्टॉस डिवचलं जाणारच.

काढण्याचा आणि फिनिशिंगचा भाव वेगवेगळा मागा. पॉपकॉर्न निघालं की खाली स्लॅब ओतताना लावलेल्या फळ्यांच्या सांध्यांच्या रेघा आणि खड्डे दिसतात. ते लपवायलाच तर बिल्डरनं पॉपकॉर्न फवारलेलं असतं. पूर्ण स्किम कोट (सगळ्या छतावर पातळ लेप) घ्या, नुसत्या पट्ट्या भरून भागत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन खिडकीतून आलं की प्रत्येक उंचवटा दिसतो, म्हणून प्रायमर लागल्यावर त्याच वेळी जाऊन छत बघा आणि शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवा. रंग फ्लॅटच घ्या. सेमीग्लॉस कितीही स्वस्तात मिळाला तरी छताला नको.