वजनं उचलली की अंग आखडतं, हे कुणी तपासलंय का?

तुम्ही विचारलंय : "मी कबड्डी खेळतो. कोच म्हणतात जिमला जाऊ नकोस, अंग आखडेल, चपळाई जाईल. यावर कधी संशोधन झालंय का?"

झालंय, आणि चांगलं जुनं आहे. पण कोचना हसू नका. एके काळी अमेरिकेतल्या डॉक्टरांचं आणि प्राध्यापकांचंही हेच मत होतं. आमचे खो-खोचे सरसुद्धा हेच सांगायचे. कॉलेज संपेपर्यंत मी डंबेलला हात लावला नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात पीटर कार्पोविच हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. वजनं उचलणाऱ्यांबद्दल त्यांचंही मत फारसं बरं नव्हतं. 1940 साली बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेली लांब दांडी) बनवून विकणारा बॉब हॉफमन आपले गडी घेऊन तिथे प्रात्यक्षिकाला गेला. त्यात जॉन ग्रिमेक होता, त्या काळचा नावाजलेला शरीरसौष्ठवपटू. कार्पोविचनी त्याला म्हटलं, दोन खांद्यांच्या मधे पाठ खाजवून दाखव बघू. ग्रिमेकने एका हाताने खाजवली, मग दुसऱ्या हाताने. शिवाय पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसूनही दाखवलं.

एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही. पण कार्पोविचना शंका आली आणि पुढे त्यांनी विल्यम झोरबास यांच्याबरोबर मोजमाप केलं. 600 तरुण घेतले : 300 वजनं उचलणारे, 300 न उचलणारे. प्रत्येकाने एक हँडल शक्य तितक्या वेगाने 24 वेळा फिरवायचं, वेळ यंत्र मोजणार. 1951 साली निष्कर्ष छापून आला : वजनं उचलणारेच सरासरीने जलद निघाले.

यातली फट मला दिसते. मुळात चपळ असलेलीच पोरं व्यायामाकडे वळली असतील तर? आणि हँडल फिरवणं म्हणजे काही चढाई नव्हे. तरी वजनाने हात मंदावतो, या समजाला त्याने चांगलाच धक्का दिला.

दुसरा धागा शिकागोच्या लष्करी रुग्णालयातला. दुसऱ्या महायुद्धात गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक तिथे पडून होते. तेव्हाची पद्धत म्हणजे हलकं वजन, खूप वेळा. डॉ. थॉमस डिलॉर्म स्वतः वजनं उचलणारे. त्यांनी उलटं केलं. पायाला लोखंडी बूट बांधून जड वजन, थोड्या वेळा. 1945 साली त्यांचा लेख आला. सुरुवातीला ते दहा-दहाचे 7 ते 10 सेट करायला लावत. 1948 पर्यंत वॉटकिन्स या सहकाऱ्यासोबत ते तीन सेटवर आले. जे वजन जेमतेम 10 वेळा उचलता येतं त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊणने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. जिममधला ट्रेनर आज "दहाचे तीन मार" म्हणतो, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

आता तुमच्यापुरतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढेल पण दंड तेवढेच दिसतील. ती वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची, म्हणजे आहे तेच स्नायू जास्त जोमाने कामाला लावण्याची, हे 1979 साली मोरितानी आणि डीव्हरीज या संशोधकांनी दाखवलं. स्क्वॉट पूर्ण खाली बसून मारा. आणि मॅचच्या आदल्या दिवशी पायांचा व्यायाम मारू नका, नाहीतर अंग खरंच आखडेल आणि कोच म्हणतील, "बघ, सांगितलं होतं ना!"