15 एचपीची होडी 11 नॉटवर अडकली? नवं मशीन घेण्याआधी हे बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: 16 फुटी फायबर होडी, 15 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं मशीन), बहुतेक वेळा दोनच माणसं. नवी होती तेव्हा 15-16 नॉट (ताशी समुद्री मैल) द्यायची, आता मूठ पूर्ण पिळली तरी 11च्या वर जात नाही. मध्यंतरी खडकावर पंखा तुटला आणि 10 पिचच्या (एका फेऱ्यात पंखा कागदावर जितके इंच पुढे जातो तो पिच) जागी बाजारात हाताला लागला तो 11 पिचचा बसवला. आता 20 एचपी घ्यावं का?

एवढ्यात नको. पाण्यावर चढलेल्या, म्हणजे वेगामुळे वर उचलून पाण्यावरून घसरणाऱ्या छोट्या होडीचा वेग साधारण ताकदीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे 15चं 20 केलं तर वेग वाढणार सुमारे 15 टक्के, 15 नॉटचे 17. तुमचे 4-5 नॉट हरवलेत. ते मशीनमधून गेलेले नाहीत असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सांगतो.

तुमच्या होडीचं वजन धरा 180 किलो, मशीन 36, दोन माणसं 130, पेट्रोल-टाकी-नांगर-दोर मिळून 25. झाले 370. एका एचपीमागे जवळजवळ 25 किलो. आमच्या अनुभवाचा ठोकताळा असा की 20 ते 25 किलोपर्यंत होडी पाण्यावर चढते, त्यापुढे ती पाणी फाडत बसते. पाण्यातली लांबी 15 फूट असेल तर न चढलेल्या होडीची नैसर्गिक मर्यादा पाच-सव्वापाच नॉटची. त्याच्या वरचा प्रत्येक नॉट ती चढण्यातून काढते. तुमची होडी बरोबर उंबरठ्यावर आहे. म्हणून 50 किलो जास्तीचं वजन किंवा चुकीचा पंखा तिला अर्ध्या नॉटने मागे खेचत नाही, थेट खाली बसवतो. नाळ (होडीचं पुढचं टोक) आकाशाकडे, मागे मोठी लाट आणि पेट्रोलचा नुसता धूर: 11 नॉटला तुमचं हेच चाललेलं असणार.

पहिलं काम, आरपीएम (मशीनचे मिनिटाला फेरे) मोजा. प्लगच्या वायरला वायर गुंडाळून चालणारा छोटा मीटर मिळतो, महाग नसतो. तुमच्या मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची कक्षा दिलेली असते, अशा बऱ्याच टू-स्ट्रोकना ती 4500 ते 5500 असते. रोजचं वजन घेऊन मशीन त्या कक्षेच्या वरच्या भागात गेलं पाहिजे. तुमचं 4300च्या आसपास घुटमळत असेल तर पंखा जड पडतोय. पिच एक इंचाने कमी केली की साधारण 200 आरपीएम वाढतात. लोक उलटं समजतात, मोठा पिच म्हणजे जास्त वेग. मशीन तो फिरवू शकलं तरच. चौथ्या गिअरमध्ये मोटारसायकल घाटात घातल्यासारखं होतं ते, आणि रोज तसं चालवलं तर पिस्टन लवकर जातो.

हिशेब करून बघायचा असेल तर आरपीएमला गिअरच्या प्रमाणाने (पंख्याच्या एका फेऱ्याला मशीनचे किती फेरे) भागा, पिचने गुणा आणि 1215ने भागा. नॉटमध्ये कागदावरचा वेग येतो. 5200 आरपीएम, 2.08चा गिअर, 10चा पिच: 20.6 नॉट. प्रत्यक्षात 16 मिळाले तर 22 टक्के घसरण (कागदावरच्या वेगापेक्षा तेवढा कमी), छोट्या भरलेल्या होडीला ठीक आहे. 4300 आणि 11 पिचवर कागद 18.7 सांगतो, तुम्हाला 11 मिळत असतील तर 40 टक्क्यांच्या वर घसरण. एवढी घसरण फक्त पिचमुळे होत नाही. एक तर होडी जड झालीय, नाहीतर पंख्याच्या मधल्या नळीभोवतीचा रबर सुटलाय.

रबर तपासायची साधी युक्ती आहे. पंख्याच्या मधल्या पितळी नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या, मग भरली होडी पूर्ण थ्रॉटलला पाच मिनिटं पळवा. किनाऱ्यावर येऊन बघा. रेघ तुटून दोन तुकडे वेगळ्या जागी गेले असतील तर रबर फिरतोय. खडकाला लागलेल्या जुन्या पंख्यात हे हमखास होतं. तुमचा बाजारातला पंखा जुना होता का, ते लिहिलं नाहीत तुम्ही.

आता बूड. माझे वडील म्हणायचे, "आधी बूड बघ, मगे मशीन." मी ते दोन हंगाम ऐकलं नाही. माझी 17 फुटी होडी दर महिन्याला सुस्त होत गेली, मी कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, पंखाही बदलला. जूनमध्ये होडी वर ओढताना नेहमीची सहा माणसं पुरेनात, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागच्या फळीजवळ, तळाच्या सर्वात खालच्या जागी फरशीखाली एक भोक पाडलं. आधी काहीच नाही. मग थेंब, मग करंगळीएवढी धार, गंजलेल्या चहाच्या रंगाची. रात्रभर बादल्या बदलत बसलो. 15 लिटरच्या 9 बादल्या भरल्या. 135 किलो, म्हणजे दोन माणसं मी दोन वर्षं फुकट फिरवत होतो. एका स्क्रूच्या भोकातून पाणी जाऊन आतला फोम भिजला होता. भोकं बुजवली, ओला फोम काढला, आणि त्याच मशीनवर होडी पुन्हा चढू लागली. तुमच्या होडीला ठोकून आवाज ऐका: कोरडी पोकळ वाजते, भिजलेली मुकी वाजते. जमलं तर वजनच करा.

खालून हात फिरवून बघणंही महत्त्वाचं. शेवटचे तीन-चार फूट सरळ आणि गुळगुळीत हवेत. तिथे आत दबलेला खळगा असला तर नाळ दाबली जाते, फुगवटा असला तर होडी उड्या मारते. मागच्या फळीची खालची कड धारदार हवी, गोल झालेली कड पाणी सोडत नाही. शेवाळ आणि कवचांबद्दल सांगायला नको. खाडीत महिनाभर बांधून ठेवलेल्या होडीचे दोन नॉट सहज जातात.

मशीनची उंची: पंख्यावरची आडवी पट्टी बुडाच्या रेषेत किंवा जेमतेम एक इंच खाली. खोल गेलं तर ओढ वाढते, वर गेलं तर वळणावर पंखा हवा खातो. मशीनचा कोन पिनेने एक-एक भोक बदलून बघा. पेट्रोलची टाकी आणि बर्फाचा खण पुढे सरकवा. छोट्या होडीत हे फुकटचं आहे आणि बऱ्याचदा सर्वात जास्त फरक पाडतं. वजन कमी करायचं म्हणून लाइफजॅकेट, वल्ही किंवा नांगर मात्र घरी ठेवू नका. आणि मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला असलीच पाहिजे.

मोजताना जीपीएस वापरा, भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढा. आमच्या मालवणजवळच्या देवबागला खाडीच्या मुखाशी उधाणाच्या ओहोटीला एकाच होडीचे दोन दिशांचे आकडे अगदी वेगळे येतात, एक आकडा बघून माणूस फसतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

माझा क्रम असा असेल: रेघ, वजन, मग 10 पिचचा चांगला पंखा. तो बसवून आरपीएम 5200च्या पुढे गेलं, होडी कोरडी निघाली आणि तरीही जाळी-बर्फासकट ती चढत नसेल, तेव्हा 20 एचपी घ्या. पण आधी होडीच्या पाटीवर जास्तीत जास्त किती एचपी लिहिलंय आणि मागची फळी आतून कुजली नाही ना, ते बघून.