तुमचे प्रश्न : मसल शोल्सचे ते वादक कोण होते?

मागच्या अंकात काळी अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन हिच्याबद्दल लिहिताना अलाबामातल्या मसल शोल्स गावाचा मी नुसता ओझरता उल्लेख केला होता, पण पत्रं आली ती सगळी त्या गावाबद्दलच. मला मनापासून आनंद झाला कारण हा माझा फार जवळचा विषय आहे. त्यातले चार प्रश्न घेते.

ताई, अरीथाच्या त्या गाण्यात वाजवणारे गोरे होते असं तुम्ही लिहिलंय. मी परत परत ऐकलं, पटतच नाही. कोण होते हे लोक? — एक वाचक, नाशिक

तुम्हालाच काय, अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनलाही पटलं नव्हतं. एक किस्सा नेहमी सांगितला जातो, की त्याने स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या अल बेलला फोन करून विचारलं की स्टेपल सिंगर्स या काळ्या गायकांच्या गटामागे वाजवणारे ते काळे वादक मला मिळतील का, तर उत्तर आलं, मिळतील, पण ते बरेच गोरे आहेत. तो मसल शोल्सला गेला, एका गाण्यासाठी गेला आणि ते इतकं पटकन झालं की उरलेल्या वेळात अजून गाणी रेकॉर्ड करून आला.

आता नावं सांगते, कारण नावं सांगायलाच हवीत. ड्रम्सवर रॉजर हॉकिन्स, गिटारवर जिमी जॉन्सन, बेसवर डेव्हिड हूड, आणि कीबोर्डवर आधी स्पूनर ओल्डहॅम, नंतर बॅरी बेकेट. सगळी त्याच भागातली किंवा आसपासची पोरं, कॉलेजच्या पार्ट्यांमध्ये रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं ठेकेदार संगीत, वाजवून हात बसलेला. रिक हॉल नावाच्या माणसाने त्यांना आपल्या फेम स्टुडिओत घेतलं. फेम म्हणजे फ्लॉरेन्स अलाबामा म्युझिक एंटरप्रायझेस, सुरुवात झाली ती शेजारच्या फ्लॉरेन्स गावातल्या एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर. हॉल अत्यंत गरिबीतून आलेला, वडील लाकडाच्या वखारीत राबणारे, आणि कामाच्या बाबतीत महाकडक, मनासारखं होईपर्यंत टेकवर टेक घ्यायला लावणारा.

पण गोऱ्यांनीच सगळं केलं असं कृपा करून समजू नका. या गावाचं पहिलं मोठं गाणं आर्थर अलेक्झांडरचं, 1961 चं, आणि तो शेजारच्या शेफिल्ड गावच्या हॉटेलात सामान उचलणारा काळा मुलगा. त्या गाण्याच्या पैशातून हॉलने नवा स्टुडिओ बांधला. पर्सी स्लेज तिथल्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय होता, 1966 मध्ये त्याचं ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’ अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, ते शेफिल्डमध्येच क्विन आयव्हीच्या छोट्या स्टुडिओत झालं. गळा या काळ्या गायकांचा होता, लिहिणाऱ्यांत काळे-गोरे दोन्ही होते, आणि बाहेर काय चाललं होतं तर 1963 मध्ये त्याच राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. अशा राज्यात एका खोलीत बसून हे लोक एकमेकांचं ऐकत होते. बाहेरचा अन्याय त्याने संपला नाही, पण त्या खोलीत जे घडलं ते खरं होतं, टेपवर आहे.

आमच्या मिरजेला जशी तंबोरे-सतारी बनवायची परंपरा, तसं त्या गावात नेमकं काय होतं? पाण्याचा गुण की स्टुडिओच्या भिंतींचा? — एक वाचक, मिरज

किती छान विचारलंत. तिथले लोक टेनेसी नदीचं नाव घेतात, नदी गाते असं म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं पण माझं उत्तर वेगळं आहे.

24 जानेवारी 1967. अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर अरीथाला फेममध्ये घेऊन आला. आधीच्या कंपनीत तिची बरीच वर्षं गेली होती, नाव होतं पण पाहिजे तसं यश नव्हतं. ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ हे गाणं पुढ्यात आणि सुरुवात कशी करायची कोणालाच सुचेना, सगळे चाचपडतायत, आणि मग स्पूनर ओल्डहॅमने इलेक्ट्रिक पियानोवर एक अडखळल्यासारखी, झोके घेणारी ओळ वाजवली आणि तिथून गाणं उलगडत गेलं. त्याच दिवशी दारू आणि मानापमानावरून भांडण झालं, अरीथाचा तेव्हाचा नवरा आणि एका वादकात ठिणगी पडली, रात्री रिक हॉल समजूत काढायला हॉटेलवर गेला तर प्रकरण अजूनच चिघळलं, आणि अरीथा निघून गेली. एक गाणं पुरं, दुसरं अर्धवट.

आणि आता माझा मुद्दा. वेक्सलरने काय केलं तर त्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावलं. 14 फेब्रुवारीला तिथे अरीथाचं ‘रिस्पेक्ट’ रेकॉर्ड झालं. नदी नाही, फेमच्या भिंती नाहीत, तरी तोच ठेका, तोच भरीवपणा. मग 1969 मध्ये हॉकिन्स, जॉन्सन, हूड आणि बेकेट फेममधून बाहेर पडले आणि शेफिल्डला 3614 जॅक्सन हायवेवर, जिथे आधी शवपेट्यांचं शोरूम होतं तिथे, स्वतःचा स्टुडिओ काढला. जागा बदलली, आवाज त्यांच्याबरोबर गेला. त्याच डिसेंबरमध्ये रोलिंग स्टोन्स तीन दिवस तिथे येऊन ‘ब्राउन शुगर’ आणि ‘वाइल्ड हॉर्सेस’ करून गेले. तिकडे हॉलनेही हार मानली नाही, नवा संच जमवला, त्यात काळे-गोरे दोन्ही वादक होते, आणि 1970 मध्ये क्लॅरेन्स कार्टरचं ‘पॅचेस’ दिलं.

मिरजेतही लाकूड आणि भोपळा असून भागत नाही ना, जवारी काढणारा, म्हणजे तारांचा नाद जुळवणारा, हात लागतो. इथेही तेच, रोज एकत्र बसणारी माणसं. गावाचा उपयोग एवढाच की न्यूयॉर्कसारखी एका स्टुडिओतून दुसरीकडे धावपळ नव्हती, एका गाण्यावर बसायला वेळ होता.

मी बेस शिकतेय. यांच्याकडे नोटेशन असायचं का? — एक विद्यार्थिनी, पुणे

पूर्ण लिहिलेलं सहसा नसायचं गं. गायक किंवा गीतकार डेमो ऐकवायचा, कोणीतरी कॉर्ड आकड्यांत लिहून घ्यायचा, म्हणजे एक-चार-पाच असं, त्यामुळे गायकाची पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो, आणि बाकीचं वाजवता वाजवता ठरायचं. मुंबईच्या सिनेमात याच्या उलट होतं, तिथे मोठा ऑर्केस्ट्रा, आणि सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर प्रत्येकाचे स्वर कागदावर मांडायचे. दोन्ही पद्धती मोठ्याच आहेत, पण तुला बेस शिकायचाय तर हूड काय *वाजवत नाही* ते ऐक. कुठे गप्प राहतो, हॉकिन्सच्या किक ड्रमला कुठे चिकटतो. एक आठवडा बाकी काही करू नकोस, एकच गाणं लाव आणि फक्त त्या दोघांचं ऐक. आणि हो, अरीथाच्या त्या जानेवारीच्या सेशनला हूडच्या हातात बेस नव्हताच, तो ट्रॉम्बोन वाजवत होता, बेस मेम्फिसच्या टॉमी कॉगबिलचा. तेव्हा आज मनासारखं वाद्य हातात नसेल तरी खोलीत हजर राहा.

एवढी हिट गाणी दिली म्हणजे वादक श्रीमंत झाले असतील ना? आणि नावं का माहीत नाहीत कोणाला? — एक वाचक, मडगाव. माझे आजोबा मुंबईत सिनेमासाठी व्हायोलिन वाजवायचे, त्यांचंही नाव कुठल्याच रेकॉर्डवर नाही.

तुमचं पत्र वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.

सेशन वादकाला, म्हणजे रेकॉर्डिंगपुरतं वाजवणाऱ्याला, तासांच्या हिशोबाने मानधन मिळायचं. गाणं पुढे लाखांनी खपलं तरी वाजवणाऱ्याला विक्रीतला वाटा नाही, आणि सिंगल रेकॉर्डच्या लेबलवर नाव गायकाचं, गीतकाराचं, फार तर निर्मात्याचं. वर म्हटलं तो 1969 चा निर्णय मला म्हणूनच फार धाडसाचा वाटतो, वेक्सलरने कर्जाऊ पैसे दिले हे खरं पण मालक ते चौघे झाले. त्यांना ‘स्वॉम्पर्स’ हे टोपणनाव मिळालं आणि 1974 मध्ये लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडने ‘स्वीट होम अलाबामा’त ते घातलं म्हणून जगाला कळलं. बेकेट 2009 मध्ये गेले, जॉन्सन 2019 मध्ये, हॉकिन्स 2021 मध्ये.

तुमच्या आजोबांनी कोणकोणत्या गाण्यांत वाजवलंय हे घरात कोणाला आठवत असेल तर आत्ताच लिहून काढा, गाणं, स्टुडिओ, शेजारी कोण बसायचं, जे आठवेल ते. आणि मग स्टेपल सिंगर्सचं 1972 चं ‘आय’ल टेक यू देअर’ लावा. मध्यावर गाणं थांबल्यासारखं होतं, बेस एकटा पुढे येतो, आणि त्यांची गायिका मॅव्हिस स्टेपल्स गाता गाता हाक मारते, डेव्हिड, लिटल डेव्हिड.