सीएनजी किट बसवलं म्हणजे पीयूसी माफ होत नाही

प्रश्न थोडक्यात असा: जालन्यातली २०१७ची बीएस-४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) पेट्रोल कार, मागाहून सीएनजी किट बसवलं, आरसीवर अजून नुसतं 'पेट्रोल'. पीयूसीवाला धूर तपासणीचं सर्टिफिकेट (पीयूसी) देईना आणि गॅरेजवाला म्हणतो, गॅसच्या गाडीला पीयूसी लागतच नाही.

गॅरेजवाल्याचं चूक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ सीएनजी आणि एलपीजी गाड्यांनाही लागू आहे. सूट फक्त निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला, कारण तिला धुराडंच नाही. हायब्रीडला पीयूसी लागते, ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल भरणाऱ्यालाही लागते. बीएस-४ आणि बीएस-६ला सर्टिफिकेट वर्षभर चालतं.

आधी आरसीचं काम उरका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. किटला मान्यता हवी, आणि ती तुमच्या गाडीच्या इंजिन क्षमतेला लागू पडणारी हवी. किटचं बिल, मान्यतेची प्रत, सिलिंडरचं सर्टिफिकेट आणि विमा जोडा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्रही. पावतीवर बिनमान्यतेचं 'लोकल' किट असेल तर इथंच गाडं अडतं, आणि अपघात झाला की विमा कंपनीही हाच मुद्दा काढते.

आता तपासणी. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि एचसी म्हणजे न जळलेलं इंधन (हायड्रोकार्बन) २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) ही मर्यादा. सीएनजीवर मात्र यंत्राने दाखवलेल्या एचसीला ०.३ ने गुणायचं, कारण त्यात बराचसा मिथेन असतो आणि मर्यादा मिथेन वगळून उरलेल्या भागावर आहे. म्हणजे यंत्र ५०० दाखवत असेल तर हिशेबात १५० धरायचे, गाडी पास! हेच ५०० पेट्रोलवर आले तर नापास. यंत्रात इंधन 'पेट्रोल' निवडलेलं राहिलं की चांगली गाडीही नापास दिसते. तुमच्या आरसीवर पेट्रोलच असल्यामुळे हा घोळ होणारच. म्हणून आधी कागद, मग धूर.

केंद्रावर जाण्याआधी गाडी १५-२० मिनिटं पळवा; धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असला की काम करत नाही. सायलेन्सरच्या जोडात गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि लॅम्डा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) १ च्या वर जातो (मर्यादा ०.९७ ते १.०३). सीओ जास्त येत असेल तर एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बघा. एचसी जास्त असेल तर बहुतेक वेळा प्लग मिसफायर करतोय. गॅसला ठिणगी जोरकस लागते, म्हणून प्लगची गॅप किटवाल्याने सांगितली तेवढीच ठेवा. पेट्रोलवरही एकदा रीडिंग घ्या.

पीयूसी नसेल तर कलम १९०(२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली मजबुतीची तपासणी) दर ३ वर्षांनी. पीयूसी मिळाली म्हणून ती टळत नाही, दोन्ही कागद वेगळे. तारीख सिलिंडरच्या प्लेटवर बघून घ्या.